मेव्हिसची मांडी

आमच्या स्कार्थवे गावात कुणी एखाद्या कामात अर्ध्यावर अडकलं, मग ते लग्न असो की स्वयंपाकघराची दुरुस्ती, लोक म्हणतात, "बसला मेव्हिसच्या मांडीत." पाहुण्यांना हे भलतंसलतं वाटतं. पण मेव्हिस क्लेग ही दर रविवारी चर्चला जाणारी, चांगली शहाऐंशी वर्षं जगलेली बाई होती आणि नेपच्यून पार्कातल्या लाकडी रेल्वेच्या तिसऱ्या उताराखाली तिची चहाची टपरी होती. मांडीचा संबंध एवढाच.

या रेल्वेला इंजिन नाही. जाड दोर गाडीला पहिल्या चढावर ओढून नेतो आणि तिथे सोडून देतो. पुढचा सगळा प्रवास उताराच्या जोरावर. गाडीला रुळांवर धरून ठेवणारं काही नाही, फक्त तिचं वजन आणि पहिल्या डब्याच्या मागे उंच बैठकीवर बसलेला ब्रेकवाला. चर्चच्या वळणावर, जिथे अचानक समोर समुद्र येतो, तिथे त्याने ब्रेक लावला नाही तर गाडी समुद्र बघायला निघते. आणि तिसऱ्या उतारावर चुकून लावला, तर पुढच्या चढापुरता जोर उरत नाही. गाडी अर्ध्यातून मागे येते, दोनचार वेळा झुलते आणि मेव्हिसच्या डोक्यावर येऊन थांबते. मग तीस माणसं कडेच्या फळ्यांवरून जपून पाय टाकत खाली यायची, आणि घाबरलेली माणसं चहा घेतातच. मेव्हिस ब्रेकवाल्यांना खिम्याचे पॅटिस फुकट खिलवते ते उगाच नाही, असं गाव म्हणायचं.

गाडी अडकवणाऱ्याचं नाव मेव्हिस तापलेल्या सळईने टपरीच्या फळीवर कोरायची. नाव आणि महिना. त्या फळीवर एकूण सत्तेचाळीस नावं आहेत. एका हॅरल्डचंच अकरा वेळा आहे. माझ्या वडिलांचं, विल्फ हर्स्टचं, एकदाच. जुलै १९७४.

त्या जुलैत मी नऊ वर्षांची होते.

तो गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा होता. बर्नलीच्या गिरण्या एका आठवड्यात बंद व्हायच्या, ओल्डहॅमच्या दुसऱ्या, आणि अख्खं गाव सुटकेस घेऊन आमच्याकडे उतरायचं. शेजारी शेजाऱ्याच्याच बाजूला खुर्ची टाकून बसायचे, फक्त समोर धुराड्यांऐवजी समुद्र. लाकडी घोड्यांच्या चक्रावर बायका तिरप्या बसायच्या, एका हाताने घोड्याचा दांडा आणि दुसऱ्याने हॅट धरून. आरसे-महालातून बाहेर पडल्यावर आमची जीन मावशी दरवेळी म्हणायची, "दुसऱ्या आरशातली मी मला आवडली, तिलाच घरी न्या." उंच मनोऱ्यावरून पायपुसण्यावर बसून गोल गोल घसरत खाली यायचं, आणि खाली आल्यावर मांड्यांची सालटी निघालेली. व्हिनेगर मारलेल्या बटाट्याच्या चिप्सचा वास, जळक्या साखरेचा वास, आणि सगळ्यावर त्या गाडीचा खडखडाट. आमच्या घरी मम, म्हणजे आई, चुलीपाशी उभ्या उभ्या त्या आवाजावरून ओळखायची, डॅडची कितवी फेरी चालली आहे ते.

त्या दिवशी डॅडने मला पहिल्या डब्याच्या शेवटच्या बाकावर बसवलं, म्हणजे अगदी त्याच्या पायांशी. तिसऱ्या उतारावर मी दोन्ही हातांनी बाक धरलं आणि ओरडले, "डॅड, थांब!"

तो थांबला.

खाली आल्यावर बाकीचे ब्रेकवाले पोट धरून हसत होते. सतरा वर्षांत एकदाही न अडकलेला विल्फ! मेव्हिसने सळई तापवली. डॅड टोपी हातात घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. त्यानंतर त्याने मला कधीही स्वतःच्या गाडीत बसवलं नाही. हॅरल्डच्या गाडीत बस, म्हणायचा. मोठी झाल्यावर मनोऱ्याखाली पायपुसणी वाटायचं काम दिलं. सोळाव्या वर्षी मी म्हटलं, मला ब्रेक शिकव. तो म्हणाला, "चहा गार होतोय तुझा, बेव्ह."

मी धरून चालले की मी त्याची अब्रू घालवली. शिवाय मुलगी. दोन्ही कारणं पुरेशी होती, म्हणून मी तिसरं शोधलं नाही. मी गावातली बस चालवायला लागले.

मग स्पेन स्वस्त झालं. लोक विमानाने उन्हात जायला लागले आणि आमच्याकडे पावसात यायला कुणी उरलं नाही. घोडे लिलावात गेले, आरसे एका हॉटेलने नेले. डॅड शहाण्णव साली घरी बसला, पार्क २००४ साली बंद पडलं. रेल्वे तेवढी राहिली, कारण ती कुणालाच उचलून नेता येईना. पंधरा वर्षं तिच्यावर सीगल बसले. गावातल्या काही खटपट्या मंडळींनी, त्यात ग्लेनिस बूथ सगळ्यात खटपटी, देणग्या मागून, फळी फळी बदलून ती पुन्हा उभी केली. मेव्हिसच्या टपरीची फळीसुद्धा जागच्या जागी लावली.

अडलं ते ब्रेकवाल्यापाशी. कौन्सिलची अट होती: ईस्टरच्या आधी तपासनीस येईल, ब्रेकवाल्याने तीन फेऱ्या न अडकता काढून दाखवायच्या. एक जरी अडकली, तर गाडीला कुंपण घालून पाटी लावायची, फक्त बघण्यासाठी. आणि जुन्यांपैकी जिवंत होता तो एकटा डॅड, एक्याऐंशी वर्षांचा. त्याला जिना उतरताना दोन्ही हात लागतात.

ग्लेनिस घरी आली. डॅडने तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही करेल."

"मी?"

"मग काय मांजर करणार?"

अख्खा हिवाळा आम्ही स्वयंपाकघरात गाडी चालवली. लाटणं म्हणजे ब्रेकचा दांडा. मी डोळे मिटायचे आणि डॅड चमच्याने टेबलावर गाडीचा आवाज वाजवायचा, दोन मिनिटं पन्नास सेकंद, पहिल्या चढापासून फलाटापर्यंत. "आवाज भरीव झाला की वळण आलं. आता दाब. सोड. सोड म्हटलं ना!"

"सोडलं की."

"लाटणं सोडलंस, मनात धरून बसलीस. बसवाल्यांना हा रोगच असतो. म्हातारी दिसली, ब्रेक. कुत्रं दिसलं, ब्रेक."

"म्हातारीला चिरडू का मग?"

"इथे म्हातारी आडवी येत नाही. म्हातारी मागे बसलेली असते आणि बोंबलत असते. बोंबलू दे. किंकाळीला ब्रेक लावायचा नाही. तिकीट किंकाळीचंच असतं."

हे वाक्य तो म्हणाला आणि आम्ही दोघंही चमच्याकडे बघत बसलो. चौऱ्याहत्तर साल टेबलावर येऊन बसलं होतं, पण चहा कुणी विचारला नाही त्याला.

तपासनीस मार्चअखेरच्या एका मंगळवारी सकाळी आला. टॅटरसॉल नावाचा, लांबट चेहऱ्याचा, नाक सतत पुसणारा. पहिली फेरी वाळूच्या पोत्यांची झाली. थंडीने वंगण घट्ट झालं होतं. मेव्हिसच्या पुढचा चढ गाडी अशी चढली, जशी आमची मम शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या पायऱ्या चढायची. माथ्यावर क्षणभर विचार केला, आणि गेली. टॅटरसॉलने काहीतरी लिहिलं. दुसरी फेरी पोतीच, पण चाकं तापलेली. ती सुरेख झाली. इतकी की फलाटावर आल्यावर मी बसमध्ये म्हणते तसं "सावकाश उतरा" म्हणाले. पोत्यांना.

तिसरी माणसांची. तीस पाहिजेत, टॅटरसॉल म्हणाला, पूर्ण भरलेली गाडी. ग्लेनिसने एकोणतीस जमवले होते. तिसावा, पोस्टातला डेरेक, पाठ धरली म्हणून आलाच नाही.

"मी आहे की," डॅड म्हणाला.

"मिस्टर हर्स्ट, तुमचं वय..." टॅटरसॉल म्हणाला.

"वयाचं वजन होत नाही. पंचाहत्तर किलो आहे, लिहून घ्या."

रिकामी जागा एकच राहिली होती. पहिल्या डब्याचं शेवटचं बाक. डॅड दोघांच्या आधाराने आत बसला, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि मान न वळवता म्हणाला, "वारा समुद्रावरून फिरलाय. वळणावर अर्धाच दाब. आणि मेव्हिसकडे बोटसुद्धा लावलंस तर बसलीस."

दोराने आम्हांला वर नेलं. वरून सगळं दिसत होतं: ओहोटीचा ओला किनारा, घोड्यांचं चक्र होतं तिथला गोल डाग, ज्यावर अजूनही गवत नीट उगवत नाही, आणि माझ्या गुडघ्यांच्या पुढे डॅडचं टक्कल. टोपी त्याने मांडीखाली दाबली होती. दोर सुटला.

मी डोळे मिटले नाहीत, पण टेबलावरचा चमचा मला ऐकू येत होता. पहिला उतार. लोक ओरडले. दुसरा. आवाज भरीव झाला, समुद्र समोर आला, मी अर्धा दाबला, गाडी वाकली, करकरली, वळली. सोडला. मनातूनही सोडला. मग पुढची जमीन गेली.

आणि डॅड ओरडला.

तसे सगळेच ओरडत होते. ग्लेनिस तर नवऱ्याचं नाव घेऊन ओरडत होती, ज्याला जाऊन नऊ वर्षं झाली. पण डॅडचा आवाज मी चौपन्न वर्षं ऐकत आले आहे आणि त्यात मी हा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक, उंच. "बेव्ह, थांब! बेव्ह!"

दांडा माझ्या हातात होता. त्याचं टक्कल थरथरत होतं, बाकाच्या कडेवर त्याची बोटं पांढरी पडली होती. बावीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांसाठी ब्रेक लावलेत, विचार करून नाही, पाय आपोआप जातो. हात गेला. बोटभर गेला. दांडा हलायला तेवढं पुरत नाही, पण मला कळलं की गेला. मी हातमोज्याचं टोक दातांत धरलं आणि हात मागे ओढला.

खालून मेव्हिसची टपरी निघून गेली. गाडी चढाला लागली, वाऱ्याने तिची छाती दाबली, वेग कमी होत होत चालण्याइतका झाला, रांगण्याइतका. कुणी ओरडत नव्हतं आता. डॅडही नाही. माथ्यावर पहिलं चाक टेकलं, दुसरं टेकलं, आणि गाडीने मान खाली घातली.

फलाटावर टाळ्या वगैरे झाल्या. टॅटरसॉलने नाक पुसून सही केली आणि म्हणाला की माथ्यावर त्याला जरा काळजी वाटली होती. इकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात तसं मी त्याला म्हटलं, "लव्ह, तुला एकट्याला नाही."

डॅड दिसेना. तो उताराखाली टपरीपाशी सापडला, फळीसमोर, कानात यंत्र पुन्हा घालत.

"ओरडलास," मी म्हटलं.

"लोक ओरडतात."

"माझं नाव घेऊन?"

"दुसऱ्या कुणाचं घेऊ? ब्रेक तुझ्या हातात होता." तो यंत्राशी खेळत राहिला. "मी आयुष्यात त्या बाकावर बसलो नव्हतो. ब्रेकच्या बैठकीवरून कळत नाही. खोल आहे तो खड्डा. फार खोल आहे, बेव्ह."

"मग खरंच ओरडलास?"

"नाटक करायला मी काय थिएटरात होतो?"

वर सीगल कलकलत होते. मी फळीवरच्या त्याच्या नावावर बोट ठेवलं. "इथे का थांबलास तू? नियम तर तुझाच होता."

"नियम लोकांच्या पोरांसाठी होता." हे त्याने चिडून सांगितलं, जणू मी सकाळपासून तेच तेच विचारत होते. "माझी पोर ओरडली, मी थांबलो. पुन्हा ओरडली असती, पुन्हा थांबलो असतो. म्हणून तुला घेतलीच नाही गाडीत. रोज थांबलो असतो मी. मेव्हिसला नावांसाठी भिंत बांधावी लागली असती."

पंचेचाळीस वर्षं. मी हिशोब करणार नव्हते, पण तो झालाच.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं कुठे?"

त्याला हात देऊन मी पायऱ्यांकडे वळले. तिसऱ्या पायरीवर तो थांबला, दम घेतला.

"पण तू थांबली नाहीस," तो म्हणाला. "म्हातारा बाप जिवाच्या आकांताने ओरडतोय, आणि पोरगी ढिम्म." त्याच्या आवाजात तक्रार किती आणि दुसरं काही किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "शनिवारी कितीला सुरू करताय?"

"दहाला. तू शेवटच्या डब्यात बसायचं."

"का? या बाकावरून समुद्र चांगला दिसतो."

"शेवटच्या डब्यातून तुझा आवाज माझ्यापर्यंत येत नाही."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला, हातमोज्याच्या चावलेल्या टोकाकडे. मग त्याने ते टोक दोन बोटांत धरून जरा सरळ केलं, माझ्या शाळेच्या स्वेटरची बाही करायचा तसं.

"शेवटच्या डब्यात," तो म्हणाला. "बरं."