हात काढलात का?

घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने पहिलं बक्षीस मारलं आणि तेव्हापासून तिची जीभ अशी काही सुटली, की आईने तिला भाजी आणायला पाठवणंच बंद केलं. म्हणून त्या रविवारी जुन्या बाजारात शिरताना आत्याने आधीच दम भरला, "तोंडाला जरा कुलूप हं. तिथे कुणी टाळ्या वाजवायला बसलेलं नाही."

आत्याला जुन्या वस्तूंचं वेड. तिच्या घरात भिंतीवर पाच घड्याळं, आणि वेळ बघायला शेजारी जावं लागतं.

बाजार उघड्या मैदानात भरायचा. चादरींवर, पत्र्याच्या टेबलांवर नुसता पसारा: किल्ली हरवलेली कुलुपं, कान तुटलेले कप, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो फ्रेमसकट. पण त्या पसाऱ्यालाही एक शिस्त होती. ज्याचा वस्तूवर हात, भावाची बोलणी त्याची. तो हात उचलेपर्यंत दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. फार तर अदबीने विचारायचं, "हात काढलात का?"

हे आत्याने सांगितलं आणि वकीलबाई खूश. नियम आपल्या बाजूचा असला की तिला भारी चेव चढायचा.

टोपी घातलेल्या एका विक्रेत्याच्या टेबलावर एक काळा टाइपरायटर होता. टाइप करायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण खोलीतल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात तो काय दिसेल, हे मात्र तिने क्षणात पाहून घेतलं. तिने त्यावर हात ठेवला आणि घासाघीस सुरू केली. फीत वाळलीय, दोन कळा अडकतायत, पोचा आलाय. एकेक मुद्दा ती अशी मांडत होती की शेजारचे दुकानदारही आपलं गिऱ्हाईक सोडून बघायला लागले.

तेवढ्यात जाड चष्म्याचे एक आजोबा येऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले, खिशातून रुमालाची पुरचुंडी डोकावतेय.

"हात काढलात का, ताई?"

"नाही."

ते थांबले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "मग नुसतं आत बघू का? झाकण उघडून. दोन मिनिटं."

वकीलबाईंनी ओळखलंच. हा नक्की दुसरा दुकानदार, माल हेरायला आलेला. "आजोबा, बघता बघता तुमचाही हात पडेल त्यावर," ती मोठ्याने म्हणाली. "नियम म्हणजे नियम. दुकान मांडायचं असेल तर दुसरीकडे बघा की."

लोक हसले. आजोबाही कसनुसे हसले, चष्मा सारखा केला आणि गर्दीतून निघून गेले. शेवटी टोपीवाला टेकीला आला आणि तिच्याच भावाला कबूल झाला. तिने विजयी मुद्रेने आत्याकडे पाहिलं. आत्या मात्र जमिनीकडे बघत होती.

टाइपरायटरला सुतळी बांधता बांधता टोपीवाला म्हणाला, "त्यांना आतली एक स्प्रिंग हवी होती. एवढीशी. चार महिने दर रविवारी शोधत येतायत, असलं मशीन आज पहिल्यांदाच आलं. त्यांच्या बाईंचे हात थरथरतात, पेन धरवत नाही. लेकीला पत्रं लिहितात त्या याच जातीच्या मशीनवर. ते बंद पडलंय."

"मग मला सांगायचं ना."

"त्यांनी विचारलं होतं," टोपीवाला गाठ मारत म्हणाला, "आत बघू का म्हणून."

ती मैदानाच्या फाटकापर्यंत धावली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. चष्मेवाले आजोबा कुठेच नव्हते.

घरी टाइपरायटर खिडकीपाशी गेला आणि हुबेहूब तिने पाहिला होता तसाच दिसला. संध्याकाळी काका आला, तेव्हा आईने कौतुकाने घासाघिशीची हकिकत सांगितली. "आणि त्या म्हाताऱ्याला काय उत्तर दिलं, सांग की," आई म्हणाली. वकीलबाई पाणी प्यायला म्हणून उठली आणि काका जाईपर्यंत स्वयंपाकघरात एकच ग्लास विसळत राहिली. रात्री तिने टाइपरायटरवर टॉवेल टाकला.

पुढच्या रविवारी तिने आणि आत्याने टाइपरायटर दोन बाजूंनी धरून बाजारात नेला. टोपीवाल्याने काही न विचारता टेबलावर जागा केली. वकीलबाई उलट्या खोक्यावर बसली आणि सकाळपासून टाइपरायटरवर हात ठेवून राहिली. तिघांनी विचारलं, हात काढलात का. तिघांनाही तिने नुसती मान हलवून नाही म्हटलं. माफीचं भाषण पाठ होतं, तीन मुद्द्यांचं, शेवट तर फारच छान.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आजोबा दिसले. त्यांनी तिला पाहिलं आणि पावलं पलीकडच्या ओळीकडे वळवली. टोपीवाला खाकरला. मग ते आले, हात पाठीमागे बांधून, मागच्या वेळी उभे होते तिथेच उभे राहिले. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. तिच्या हाताकडे पाहिलं.

"हात काढलात का, ताई?"

तीनही मुद्दे कुठल्या कुठे गेले. तिने हात उचलला. काळ्या पत्र्यावर घामाची पाच बोटं उमटली होती, ती तिने घाईघाईने ओढणीने पुसली.

आजोबांनी पुरचुंडी सोडली. आत तुटलेली स्प्रिंग होती आणि एक बारीक स्क्रू ड्रायव्हर. "मग आत बघू का? एवढी स्प्रिंग काढतो. बाकी जसंच्या तसं ठेवीन."

"अख्खाच न्या," ती म्हणाली, पण इतकं हळू, की टोपीवाल्याला ते त्यांना पुन्हा सांगावं लागलं.