सेतुमामांची शिष्या

सेतुमामांचा फॉर्म वाचला आणि माझं डोकं असं फिरलं की हातातली कॉफी तशीच टेबलावर ठेवून मी भट्टीकडे निघाले. 'सहा महिन्यांत काय काय शिकवले?' या प्रश्नापुढे मामांनी एकच शब्द लिहिला होता: सर्व. खाली त्यांची सही, शेजारी शरण्याची. आणि त्याच सकाळी शरण्यानं एकटीनं भाजलेला कॉफीचा पहिला घाणा काळा ठिक्कर पडला होता.

कुंभकोणमच्या या कॉफी पावडरच्या कंपनीत माणसांचं खातं माझ्याकडे आहे. मालक शिवप्रसाद माझे काका, भट्टीवरचे सेतुमामा माझ्या आईचे भाऊ. ऐंशी कामगारांत आम्ही घरी इकडची जुन्या वळणाची मराठी बोलणारे नऊ जण, आणि सगळ्या किल्ल्या त्या नवांच्याच कमरेला. मामा येत्या जानेवारीत निवृत्त होणार होते आणि बिया कधी उतरवायच्या हे त्यांच्या नाकाशिवाय कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी भांडभांडून ही योजना काढली. जुन्या माणसानं नव्याला दर बुधवारी एक तास शिकवायचं, सहा महिन्यांनी परीक्षा: एकटीनं एक घाणा भाजून दाखवायचा. मामांपुढे मी शरण्याला उभं केलं. पोरगी चोळपुरमहून बसनं येते, रसायनशास्त्र शिकलेली आहे, आणि सहा वर्षं आम्ही तिला पुड्या भरायला बसवलं होतं. परीक्षेत उतरली तर भट्टी तिची. नाही उतरली तर मामांचा पुतण्या सूर्या होताच, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

शरण्या थंड करायचा ट्रे घासत होती. करपलेल्या बियांचा वास सगळीकडे भरला होता. मी तमिळमध्ये विचारलं, "काय झालं? मामांनी शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं ना. पण मला दाखवतात, सांगतात सूर्याला," ती म्हणाली. "बियांची तडतड सुरू झाली की ते सूर्याकडे वळून तुमच्या भाषेत काहीतरी बोलतात. तो जाळ कमी करतो. काय ऐकून कमी करतो ते मला कळत नाही. विचारलं तर म्हणतात, बघत राहा."

"मग सही कशाला केलीस?"

"मामा म्हणाले, कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने! चोवीस-पंचवीस बुधवार या माणसानं माझ्या तोंडाला पानं पुसली होती, आणि वर गोड हसून विचारायचा, "कां गे मधु, तुझी शाळा कशी चालली?" मी शरण्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. वाटेत मामांनाही उठवलं आणि तिघं काकांच्या खोलीत शिरलो.

"मामा काय केले म्हणून तुमीच विचारा, काका!" मी दारातूनच सुरुवात केली.

"कां गे ओरडतेस?" मामा आरामात बसले. "मी शिकविलों की. पुढें उभी करून अस्कीं, फॉर्मांत लिहिलों तसें सर्व, दाखविलों."

"दाखविलांत! सांगितलांत कोणाला? सूर्याला! शरण्या काय तिथें खांब म्हणून उभी होती?"

"मधु, हळूं बोल," काका म्हणाले. "शरण्या बरी मुलगी, मी नाहीं म्हणत नाहीं. पण भट्टी म्हटलं तर घरांतली गोष्ट, नव्हें की?"

"घरांतली? मग बाहेर पाटीवर कंपनी म्हणून कशाला लिहिलां? सूर्याला सहा महिने काय, सहा वर्षें दिलां तरी शरण्याचं डोकें येणार नाहीं. तिला भट्टी नाहीं तर मी आजच जातें. मग तुमची माणसें तुमीच सांभाळा!"

मामा उठून उभे राहिले, काकांनी टेबलावर हात आपटला, मी त्यांच्याहून जोरात आपटला. अर्धा तास आम्ही कुणाची भीडभाड ठेवली नाही. मामांच्या भट्टीवरच्या चाळीस वर्षांपासून माझ्या उद्धट जिभेपर्यंत सगळं निघालं. शेवटी काका दमले. शरण्याला आणखी तीन महिने. सूर्याची रवानगी गोदामात. आणि भट्टीपाशी मामांनी फक्त तमिळ बोलायचं, हे मी त्यांच्याकडून देवाची शपथ घालून कबूल करून घेतलं.

जिंकले होते मी. घामाघूम झाले होते, पण जिंकले होते. मागे वळले तर शरण्या दाराला टेकून उभी. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं.

"हे काय?"

"माझं नाव अठरा वेळा आलं, मॅडम. मी मोजत होते. काय ठरलं ते मला ठाऊक नाही. मला काढलं असेल किंवा ठेवलं असेल. पण माझ्याकडे एकदाही कुणी पाहिलं नाही. मामांचं मी समजू शकते. तुम्हीही?"

संतापानं माझा आवाज चिरकला. जिच्यासाठी सख्ख्या मामाशी वैर घेतलं, तीच मला मामांच्या पंगतीला बसवत होती! मी बोलत सुटले. तुझ्यासाठीच भांडले, भट्टी तुझीच आहे, सूर्याला हाकललं, कृतघ्न आहेस तू, असं सगळं एका दमात ओरडले. ती शांतपणे माझ्या तोंडाकडे पाहत होती, अजिबात न रागावता, न हसता.

मी थांबल्यावर तिनं क्षणभर वाट पाहिली, आणखी काही आहे का म्हणून. मग अदबीनं म्हणाली, "मॅडम, आता हेच तमिळमध्ये सांगता?"