चाळीस मिनिटं मागे

“म्हणजे अंगातला सदरा न काढता बाही बदलायची!” माझं काम समजावून सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले होते. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

रुग्णालयाच्या तळघरात तीन सर्व्हर आहेत. तिन्हींत सगळ्या रुग्णांची तीच माहिती. एकेक बाजूला काढायचा, नवा करायचा, परत जोडायचा, हुकलेल्या नोंदी त्यानं भरून घेईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. “अर्धा तास सगळंच बंद ठेवू,” साहेब म्हणाले होते. मीच शहाणी. “कशाला? कुणाला कळणारसुद्धा नाही.” बैठकीत भाव खाल्ला, आता भोगतेय.

पहिला नीट झाला. दुसरा नवा करून जोडला आणि जुन्या तिसऱ्यानं मान टाकली. आता अख्खं रुग्णालय पहिल्या एकट्याच्या जिवावर, आणि दुसरा चाळीस मिनिटं मागे. पहिला अडखळला तर सावरायला इथे मीच हवी. माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर आहे.

तेवढ्यात भावाचा फोन. “ताई, बाबांचं उद्याचं ऑपरेशन आजच घेतायत. अकराला नेणार. ये ना वर, सारखी तुझी आठवण काढतायत.”

“आलेच,” म्हणाले. धडधडीत खोटं.

तिसरा मजला, जेमतेम तीन मिनिटं. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला कडीसुद्धा नव्हती, तरी मी कोंडलेली होते. वरच्या मजल्यांना दहा मिनिटं यंत्रणा वापरायचं थांबवायला सांगितलं असतं, तर दुसरा झटक्यात जुळला असता. फोन उचललाही. पण ऑपरेशनच्या टेबलापाशी रक्तगट दिसतो तो इथूनच. आज त्या टेबलावर माझाच बाप असणार होता. फोन खाली ठेवला. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भावाचा निरोप आला: ‘नेलं. दारापर्यंत मागे वळून बघत होते.’

मग जे कधी करत नाही ते केलं. मागे पडलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर बाबांची नोंद उघडली. तिथे अजून साडेदहाच वाजले होते. खाट चौदा. उपाशी. नाडी ठीक. बाबा अजून खाटेवर होते.

मी बघत बसले. तीस मिनिटं मागे. अठ्ठावीस. सकाळपासून ज्याला ‘आवर लवकर’ म्हणून शिव्या घालत होते, त्यालाच आता मनात म्हणत होते, थांब रे जरा. कशाला थांबतोय! शेवटी शेवटी तर तो धावतच सुटला.

नोंद बदलली. शस्त्रक्रिया कक्ष, अकरा वाजून दोन मिनिटं. सोबत: मुलगा.

पुढच्याच मिनिटाला दुसरा सर्व्हर पूर्ण जुळला. आता मला वर जाता येत होतं.