लेव्हल बघायला वाचलेले पान

मी एक जुना मायक्रोफोन आहे. जुना म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे एखादा शांत, समजूतदार म्हातारा उभा राहत असेल, तर मित्रांनो, तो विचार आधी सोडून द्या. मी जन्माचा अस्वस्थ आहे. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. कुणी बोलले की तो थरथरतो, आणि कुणीच बोलले नाही की आता काय ऐकावे लागणार या धास्तीने मी स्वतःच थरथरतो.

सध्या मी एका स्टुडिओच्या कपाटात, गुंडाळलेल्या वायरी आणि एक बिघडलेला पंखा यांच्या सोबतीने पडून आहे. कपाटाचे दार नीट लागत नाही. त्यामुळे बाहेरचे बोलणे अर्धे ऐकू येते आणि उरलेल्या अर्ध्यासाठी जीव तळमळतो. म्हणून म्हटले, आज आपणच बोलावे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना कान दिले, आज तुम्ही मला द्या.

माझा पडदा एका कारखान्यात एका बाईने बसवला. नुसती फुंकर लागली तरी तो उडून जाईल म्हणून ती श्वास रोखून काम करत होती. तो नीट बसला तेव्हा तिने हुश्श केले. मी ऐकलेला पहिला आवाज तोच. मग एका तपासनिसाने माझ्यासमोर चुटकी वाजवली, “चालेल” असे म्हटले आणि मला खोक्यात टाकले.

पहिली काही वर्षे मी एका सभागृहात काढली. ती आठवली की अजून माझे डोके दुखते. जो येई तो आधी माझ्या डोक्यावर टकटक करी, मग तोंडावर फुंकर मारी आणि मग “मी आपला फार वेळ घेणार नाही” असे म्हणून सगळ्यांचा वेळ खाई. पुढे सभागृहाने नवे सामान घेतले आणि मी या स्टुडिओत आलो.

इथली खोली न्हाणीघराएवढी होती. भिंतींना जाड स्पंज, मधे एक स्टूल, एक तिरके टेबल आणि समोर काचेची खिडकी. खिडकीपलीकडे कानांना हेडफोन लावून दादा बसत. आवाज नोंदवणे हे त्यांचे काम. त्यांनी यंत्राचे बटण दाबले आणि खोलीतला लाल दिवा लावला, की वाचणाऱ्याने पुस्तक वाचायला सुरुवात करायची. हे वाचन लोक फोनवर ऐकत. कुणी कणीक मळताना, कुणी गाडी चालवताना, कुणी आजारपणात छताकडे बघत.

मला वाटले होते, आता सुखाचे दिवस आले. पुस्तकच तर वाचायचे आहे, छापलेले तेच बोलायचे आहे, त्यात बिघडण्यासारखे काय आहे? पण बिघडायचे, मित्रांनो, आणि काय काय बिघडायचे! एक नामवंत नट आले. त्यांचा आवाज इतका भारदस्त, की “त्याने खुर्ची ओढली” हे वाक्यसुद्धा युद्ध पुकारल्यासारखे वाटे. पहिल्या पानावर मी थक्क झालो, दहाव्या पानावर थकलो. एक प्राध्यापक आले. त्यांनी प्रेमकथा अशी वाचली, जणू वर्गात हजेरी चालली आहे. एक लेखक स्वतःचेच पुस्तक वाचायला आले आणि ऐकणाऱ्याला रडू येण्याआधी स्वतःच हुंदके देऊ लागले. त्यांचे रडून झाल्यावर आमच्या वाट्याला काही उरलेच नाही. पुस्तके चांगली होती, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती शिरायची की दारातूनच परत जायची, हे वाचणाऱ्या गळ्यावर ठरत होते. मी नुसता ऐकत होतो आणि तडफडत होतो.

अशात ताई आली.

तुम्ही तिला ओळखता. लिफ्टमध्ये “दरवाजा बंद होत आहे” म्हणते ती हीच. फोनवर “कृपया प्रतीक्षा करा” म्हणते तीही हीच. ती दादांना म्हणायची, “दादा, मला एवढे लोक रोज ऐकतात, आणि रोज माझ्यावरच चिडतात. एकदा तरी कुणाला वाटावं ना, की ही बाई अजून थोडं बोलली तर बरं!”

स्टुडिओच्या मालकांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी ताईला एक जाडजूड कादंबरी दिली आणि स्पष्टच सांगितले, “हे चाललं तर पुढची पुस्तकं तुमची. नाही चाललं तर लिफ्ट आहेच.”

कादंबरी एका वसतिगृहात राहणाऱ्या बहीणभावाची होती. ताईची एक रीत होती. ती पुढची पाने आधी वाचायची नाही. जे पान वाचायचे, ते माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडायचे. दादांनी टोकले तेव्हा ती म्हणाली, “पुढे काय होणार ते माहीत असलं ना, की माझा आवाज आधीच चुगली करतो.”

आणि खरोखरच काय गंमत यायची! पान उलटताना तिचा श्वास भराभर चालायचा. भाऊ भिंतीवरून उडी मारणार की नाही हे तिलाही ठाऊक नसायचे, मलाही नसायचे. जेवायची सुट्टी झाली की मी कासावीस व्हायचो. दर आठवड्याला एक भाग लोकांपर्यंत जात होता, आणि लोक पुढच्या भागाची वाट पाहत होते.

त्या कादंबरीत वसतिगृहाचा एक पहारेकरी होता. मुले मळके पाय घेऊन आली की हा दारात आडवा. पुस्तकात त्याच्या आवाजाबद्दल एक अक्षर नव्हते. ताईने गमतीने त्याला नाकातला, लांबण लावणारा आवाज दिला. तिच्या इमारतीत पाणी सोडणारे काका तसे बोलायचे म्हणे. “पाऽय! पाऽय पुसा आधी!” दादा इतके हसले, की ते वाक्य पुन्हा घ्यावे लागले.

हा पहारेकरी लोकांनी डोक्यावर घेतला. घरोघरी पोरे दारात उभी राहून नाकातून ओरडू लागली. साहेबांची सासू तर त्याच्या नादीच लागली. साहेब प्रत्येक भाग आधी तिला ऐकवत, कारण जावयाला बरे वाटावे म्हणून खोटे बोलणारी ती बाई नव्हती. ती बाहेरच्या सोफ्यावर विणकाम घेऊन बसे. एखादा भाग ऐकताना सुया चालूच राहिल्या की साहेबांचा चेहरा पडे. पहारेकरी बोलू लागला की मात्र ती सुया मांडीवर ठेवून हसे आणि म्हणे, “आला माझा नाक्या!”

मग तो दिवस उजाडला. ताईने पान उलटले आणि तिचा श्वास अडकला. मी तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होतो. तो अडकलेला श्वास आधी मला ऐकू आला.

“दादा, बंद करा.”

“काय झालं?”

“भाऊ नदीत बुडाला.” ती पान पुन्हा पुन्हा बघत होती. “आणि हे बहिणीला कोण सांगतं, माहितीये? पहारेकरी. अख्खं पान तो एकटाच बोलतो.”

दादांनी कपाळाला हात लावला. “त्या नाकात?”

आता सांगा, काय करायचे? ताईने आधी साध्या, हळव्या आवाजात वाचून पाहिले. दादा काचेआडून म्हणाले, “हा कोण आला मधेच? आपला पहारेकरी कुठे गेला?” मग तिने नाकातच, पण रडवेल्या सुरात वाचले. ते इतके विचित्र झाले की दादांनी ओठ दाबून तोंड फिरवले. ताईने ते पाहिले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, नंतर मी मोजणेच सोडले. प्रत्येक वेळी लाल दिवा लागे, प्रत्येक वेळी तिचे खांदे वर चढत. मी लोखंडी दांड्यावर जखडलेला, मला काही करता येईना.

साहेब आले. “सोपं आहे. मागे व्हायोलिन टाकू. लोक आपोआप रडतील.”

“साहेब, तो बोलायला लागला की लोक हसणार,” ताई म्हणाली. “मी पहिल्यापासून त्याचा आवाज बदलून परत वाचते.”

“लोकांच्या कानात गेलेला आवाज परत मागवता येतो होय? भाग आज संध्याकाळी द्यायचाय, ताई. बघा काय ते.” एवढे बोलून ते सासूबाईंना आणायला गेले. जाताना लिफ्टचे नाव त्यांनी काढले नाही, पण आम्हा तिघांनाही ते ऐकू आले.

ताई स्टुलावरून उठली, पाणी प्यायली, परत येताना स्टूल थोडे पुढे ओढून बसली. जागा बदलली की आवाज कमीजास्त होतो, म्हणून दादांना तो पुन्हा जुळवावा लागतो. याला ते लेव्हल बघणे म्हणत. अशा वेळी लाल दिवा बंद असतो आणि काहीही बोलले तरी चालते.

“लेव्हल बघतो, ताई. वाचा काहीही.”

ती इतकी दमली होती की तिने समोरचेच पान वाचायला घेतले. पहारेकऱ्याच्या नाकातल्या आवाजात, पण रडे न घालता, हसे न घालता, नुसते लेव्हलपुरते.

“पोरी, तुझा भाऊ नदीवर गेला होता. तो आता यायचा नाही. मी त्याच्या चपला घेऊन आलोय. त्या ओल्या आहेत, म्हणून बाहेरच ठेवल्यात.”

तोच नाकातला आवाज, तीच लांबण. पण बिचाऱ्याला दुसरे बोलता कुठे येत होते? एवढी मोठी बातमी सांगायलाही त्याच्याजवळ तेवढाच एक आवाज होता. माझा पडदा असा थरथरला की मला वाटले, आता फाटतो. आणि दिवा बंद होता! मित्रांनो, मी ऐकू शकतो, पण ऐकलेले साठवू शकत नाही. ते काम काचेपलीकडच्या यंत्राचे, आणि ते यंत्र झोपलेले होते. वाचलेले सगळे स्पंजात जिरून गेले.

“झाली लेव्हल?” ताईने विचारले.

दादांनी हेडफोन नीट केला. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खोटा आळ घेतला. “नाही हो. माइक खरखरतोय. परत एकदा वाचा तेच. असंच, सहज. दिवा लावतच नाही.”

दिवा त्यांनी लावला नाही, पण बटण दाबले. ते मला कळले, तिला नाही. माझी काय अवस्था झाली असेल! मी म्हातारा, दमट हवेत खरोखरच खरखरणारा. आज खरखरलो असतो तर दादांचे खोटे खरे झाले असते आणि ताईचे वाचन मातीला मिळाले असते. मी अंग चोरून उभा राहिलो.

तिने वाचले. या वेळी “चपला घेऊन आलोय” नंतर ती थांबली. किती तरी वेळ थांबली. शांतता मला मुळीच सोसत नाही, पण त्या वेळी, वाच गं बाई, असे म्हणायचेसुद्धा मला सुचले नाही. मग तिने शेवटचे वाक्य वाचले आणि पुस्तक मिटले.

“सापडली खरखर?”

“खरखर नव्हतीच. नोंदवून घेतलं मी ते,” दादा म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

साहेब सासूबाईंना सोफ्यावर बसवून आत आले आणि नोंदवलेले हेडफोनवर ऐकताच वाद घालू लागले. “मधे एवढी शांतता? लोकांना वाटेल फोन बंद पडला. कापा ती.”

“नाही कापणार,” दादा म्हणाले. साहेबांना असे उत्तर त्यांनी पूर्वी कधी दिले नव्हते.

“ठीक. सासूबाईंनाच ऐकवू.”

खोलीचे दार अर्धवट उघडे होते. ताई आत स्टुलावर, पदराचे टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. बाहेर स्पीकर सुरू झाला. पहारेकऱ्याचा पहिला शब्द आला आणि सासूबाई हसल्या, “आला माझा नाक्या!” ताईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ते हसू मधेच कुठेतरी थांबले. सुयांचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. पान संपले. पुढचे लावायला साहेबांनी हात पुढे केला असावा, कारण सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

“थांबा हो, जावईबापू. तो अजून दारातच उभा आहे.”

ताईने माझ्या जाळीला कपाळ टेकले आणि ती रडली. मी सगळे ऐकले. तेही कुठे नोंदले गेले नाही.

पुढची पुस्तके तिला मिळाली. आता ती प्रत्येक पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचते आणि मगच स्टुलावर बसते. त्याने चुका टळल्या, हे खरे. पण पान उलटतानाची ती धडधडही थोडी कमी झाली, हेही खरे. दोन्ही एकदम कसे सांभाळावे, यावर ती आणि दादा अजून वाद घालतात. एके दिवशी मी खरोखरच खरखरू लागलो. दादांनी मला तीन वेळा दुरुस्त केले, चौथ्यांदा मऊ फडक्यात गुंडाळून या कपाटात ठेवले. नवा माइक चांगला आहे म्हणतात. असेल.

मला माझ्या धुळीचे दुःख नाही. पण परवा बाहेर कुणी तरी सांगत होते, की लोक हल्ली वाचन दुप्पट वेगाने ऐकतात आणि थांबलेल्या जागा फोन आपोआप गाळून टाकतो. तेव्हापासून मला चैन नाही. मित्रांनो, उतावळेपणात माझा हात धरणारा कुणी नाही, तरी मी हे सांगतो आहे. तुमच्यासाठी कुणी गोष्ट वाचत असेल, फोनमधून असो की उशाशी बसून, तर त्या माणसाला त्याच्या चालीने वाचू द्या. तो मधेच थांबला, तर बटणाकडे हात नेऊ नका. पुढचे वाक्य उच्चारणे त्याच्या जिवावर आलेले असते. तेवढा वेळ तुम्हीही त्याच्याबरोबर थांबा.