देवाचा डबा

"लाईन येईन तवा दळून देईन, बाई. आता काय हातानं फिरवू का चक्की?" शाहनवाज चक्कीवाला म्हणाला.

"अरे, पोरगी येऊन राहिली माही! अमरावतीहून निघाली बी."

"मंग तिले पोळी खाऊ घाला."

आता याला काय सांगावं, कप्पाळ! जयवंताबाई ज्वारीची पिशवी तिथेच ठेवून माघारी फिरली. शाळेत पोरांची खिचडी शिजवून शिजवून कंबर वाकली होती, तरी बाई चालायची ती कुणाशी भांडायला निघाल्यासारखी. बार्शीटाकळीच्या त्या गल्लीत तिची चाल सगळ्यांच्या ओळखीची होती. आज मात्र ती रडकुंडीला आली होती.

कारणही तसंच होतं. सुवार्ता, तिची एकुलती एक लेक, लग्नानंतर माहेरी यायची, आईची औषधं बघायची, घर आवरायची, पण जेवायची नाही. "खाऊन आली व माय," हे दारातच. जावई ललित बौद्ध घरातला, मोकळा माणूस. तो मांडी घालून बसायचा, भाकरी हाणायचा आणि सासूच्या ठेच्याने वाहणारं नाक पुसत पुन्हा ठेचाच मागायचा. लेक मात्र भिंतीला टेकून फोन चाळायची. जयवंताबाई ताट वाढून पुढे ठेवायची आणि तसंच उचलून नेऊन झाकायची. कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आज सकाळी त्याच पोरीचा फोन. तिला दिवस गेले होते, पोटात अन्न म्हणून ठरत नव्हतं. म्हणाली, "माय, तुया हातची ज्वारीची भाकर खावीशी वाटून राहिली. करशीन का?"

करशीन का म्हणे! फोन ठेवला आणि बाई चक्कीवर धावली, तर वीज गेलेली. घरातलं पीठ आदल्या दिवशीच संपलं होतं.

शेजारची खातूनबी चौकटीत येऊन उभी राहिली. "माह्या घरी गव्हाचं हाय. ले जा ना."

"गव्हाचं नाही चालत व. तिनं ज्वारीची मांगितली."

"तं मंग त्या फळीवर काय हाय?"

"ते देवाचं हाय."

"मालूम हाय मले. पन तुया देव काय आज उपाशी हाय? पोट्टी उपाशी हाय."

"तोंड आवर, खातूनबी!"

खातूनबीने तोंड काही आवरलं नाही, पण ती गेली.

फळीवर तुपाचा जुना पिवळा डबा होता. रोज संध्याकाळी भाकरीचं पीठ परातीत घेतलं की मळण्याआधी एक मूठ त्यात टाकायची, ही सासूने लावलेली रीत. रविवारी डबा अकोल्याला ख्रिस्ती देवळात जायचा. तिथे केशरबाई सगळ्यांचं पीठ एका पोत्यात ओतायची आणि ते मंडळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या घरी वाटलं जायचं. जयवंताबाईने ही मूठ कधी चुकवली नाही. सुवार्ता लहान होती तेव्हा मूठ टाकायचं काम तिचं. चिमुकल्या मुठीतून निम्मं पीठ खाली सांडायचं आणि तिचा बाप उत्तमराव हसायचा, "देव मुंग्यायले बी देऊन राहिला."

मग उत्तमरावाने खाट धरली. तेव्हाची एक सकाळ. घरात फक्त डब्यातलं पीठ होतं, आणि शाळेत जाताना पोरीने त्याची भाकर मागितली. आई म्हणाली, "ते देवाचं हाय, हात लावू नको." पोरगी उपाशी गेली आणि शाळेत प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांदेखत कोसळली. त्या रविवारीही डबा भरलेलाच अकोल्याला गेला. महिना उलटायच्या आत उत्तमरावही गेला. पोरीने त्यानंतर डब्यात मूठ टाकली नाही. मोठी झाल्यावर देवळात यायचंही सोडलं.

जयवंताबाई फळीखाली बसली. मागच्याच रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं होतं, देवावर पूर्ण मनाने प्रीती करता का? सगळे हो म्हणाले होते आणि सगळ्यांत मोठा हो हिचा होता.

"काहून रे बापा," ती वर बघून म्हणाली, "तुले पुरं मन देतो म्हनता म्हनता मी त्या लेकराच्या तोंडचा घास काढला का? तूच देल्ली न ते मले? रागावाचं तं रागाव. तुयावर माया हाय माही, तुले मालूम हाय. पन आज मी तिले जेवू घालतो."

ती उठली. डबा काढला आणि परातीत पालथा केला. खाली थाप मारून कडेचंही पाडलं. मग आधणाचं पाणी गॅसवर चढवलं.

तेवढ्यात सुवार्ता आली. चेहरा पार उतरलेला. ओट्यावरचा रिकामा डबा पाहून ती दारातच थांबली.

"माय, हे त्या डब्यातलं हाय?"

"हो."

"देवाचं?"

"देवाचंच."

सुवार्ताने पिशवी खाली ठेवली. "मंग तवा काहून नाही देल्लं?"

हा प्रश्न यायचाच होता. इतकी वर्षं तो वाढलेल्या ताटाशेजारी बसून होता. जयवंताबाईने पदराने तोंड पुसलं.

"भेली होती मी. तुया बाप खाटेवर. वाटे, देवाची एक मूठ बी घेतली तं तो त्यायले नेईन."

"नेलंच ना."

"नेलंच." तिने रिकामा डबा उचलून परातीशेजारी ठेवला. "मी म्हने देवावर माया करतो, आन जीव तं नुसता भेवानं थरथरे. तुई भूक मले दिसली होती, पोरी. दिसली नाही असं नाही. आजबी दिसते."

सुवार्ताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिने ते ओढणीने पुसलं आणि आईच्या हातांकडे पाहिलं.

"सरक," ती म्हणाली. "हात पाह्य कसे कापून राहिले तुये. मी थापतो."

"अवं, तुया हातची काहून? तू माह्या हातची मांगितली होती."

"तू शेक मंग. झालं न?"

ती परातीपुढे बसली. आधण उकळत होतं. पाणी ओतायच्या आधी तिचा हात पिठात गेला, मूठ भरली आणि सरळ रिकाम्या डब्यात जाऊन उघडली. डोकं दुसरीकडेच असावं, कारण ती विचारत होती, "खातूनबी कशी हाय?" जयवंताबाईने पाहिलं, आणि घाईघाईने तव्याकडे तोंड वळवलं.

पीठ आठवड्याचं, त्याला चिकटपणा उरला नव्हता. भाकर कडेने फाटली. तरी सुवार्ताने ती खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि बोटं चाटत म्हणाली, "ठेच्यात मीठ कमी हाय, माय."

"खा गपचूप," आई म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की भांडावंसं वाटत होतं.

रविवारी अकोल्याच्या देवळात केशरबाईने पोत्याचं तोंड उघडून धरलं. जयवंताबाईने लेकीच्या मुठीसकट डबा ओतला. केशरबाईने वाकून पाहिलं.

"जयवंताबाई, या खेपी एवढुसंच?"

"हो," जयवंताबाई म्हणाली. "पन पुरं हाय."

तिने डब्याला झाकण लावलं, तो मांडीवर घेतला आणि पहिल्या गीतासाठी घसा साफ केला.