डब्यातला राउटर आणि हरकत क्रमांक एक

अहो, इकडे! खुर्चीत मान खाली घालून बसलात तर मी दिसणार कसा? आरशाच्या वर बघा, फळीवर, पावडरच्या डब्यांशेजारी. हिरवा दिवा लुकलुकतोय ना, तोच मी. या सलूनचा राउटर बोलतोय, आणि आज मला काही केल्या गप्प बसवत नाही! चार वाजता माझ्या जागी नवा राउटर येणार आहे. त्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या. त्यासाठी काही डाउनलोड करावं लागणार नाही, घाबरू नका.

माझा जन्म कारखान्यातला. एका पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडं एकापाठोपाठ एक पुढे सरकत होतो. नाकीडोळी सगळे सारखे, फक्त पाठीवरचा क्रमांक वेगळा. कोण कुणाच्या घरी जाणार याची कुणालाच कल्पना नव्हती. मला वाटायचं, आपण एखाद्या मोठ्या काचेच्या कार्यालयात जाणार. नशिबात निघालं दोन खुर्च्यांचं सलून.

पण खरं सांगतो, काचेच्या कार्यालयात मला कुत्र्यानंही विचारलं नसतं. इथे माझा काय थाट होता! या गल्लीच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती. फोनचं स्वतःचं नेटवर्क कोपऱ्यापर्यंत येतं आणि तिथूनच माघारी फिरतं. त्यामुळे मी आलो आणि सलूनला जत्रेचं रूप आलं. ज्यांना केस कापायचे नव्हते तेही बाकावर येऊन बसू लागले.

त्यांत पहिला मान बातम्याकाकांचा. डोक्यावर औषधाला केस नाही, पण आठवड्यातले पाच दिवस सलूनमध्ये हजर. फोनवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायच्या आणि सगळ्यांना मोठ्याने सांगायच्या, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

"आता दाढीसुद्धा यंत्र करणार!" एकदा त्यांनी जाहीर केलं.

आमचे मालक हातातला वस्तरा थांबवून म्हणाले, "मग आधी तुम्ही करून घ्या. जिवंत परत आलात तर मीही विचार करीन."

मालकांना सगळी गल्ली वस्ताद म्हणते. हात लोण्यासारखा मऊ, जीभ मात्र वस्तऱ्याची. त्यांनी एकदा फोनवर बादली शोधली होती. बादली घेतली, वापरात आली, तिचं बूडही फुटलं, तरी फोन त्यांना रोज नव्या बादल्या दाखवत होता. "अरे, एका माणसाला लागतात तरी किती बादल्या?" असं ते मला विचारायचे. जणू मीच त्या विकायला बसलो होतो!

शेजारच्या गाळ्यात शिलाईवाल्या मावशी. आधी सरकारी शिवणखात्यात नोकरी, नंतर हे छोटं दुकान. त्यांच्या मशीनची टकटक भिंतीतून ऐकू यायची आणि मला सोबत वाटायची. मावशींकडे साधा बटणांचा फोन. माझ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी येता-जाता वर बघून विचारायच्या, "बरा आहे ना रे हा?" राउटरची खुशाली विचारणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

या मायेपोटीच तो घोटाळा झाला.

झालं असं, की कापलेले केस उडून माझ्या जाळीत जायला लागले. मी तापायचो, मध्येच बंद पडायचो. वस्तादांनी मला झाडून पुसून पाहिलं, उपयोग होईना. तेव्हा मावशींनी आपला पत्र्याचा बटणांचा डबा रिकामा केला. आतून मऊ कापडाचं अस्तर लावलं. मागे वायरपुरतं भोक पाडून घेतलं, आणि मला त्यात बसवून वरून घट्ट झाकण लावलं.

"आता एक केस जाणार नाही आत," वस्ताद खूश होऊन म्हणाले.

"लेकराला थंडीसुद्धा वाजणार नाही," मावशी म्हणाल्या.

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! पण झाकण लागलं आणि माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज पत्र्यावर आपटून माझ्याच कानात परत येतोय. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, आणि बाहेर जेमतेम कुजबुज पोचत होती.

पुढच्या महिन्याभरात बाकावर जी मतं मांडली गेली, ती मी डब्यात बसून ऐकली. कुणी म्हणालं, कंपनी मुद्दाम वेग कमी करते, म्हणजे आपण महागडी योजना घ्यावी. कुणी म्हणालं, समोरच्या इमारतीला नव्या काचा लावल्यात, त्या लहरी परत पाठवतात. बातम्याकाकांनी सर्वांवर कडी केली. "ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे ना, ती सगळ्या जगाचं नेट पिऊन टाकते. आपल्या वाट्याला उरणार काय?"

वस्तादांनी कोपऱ्यावर जाऊन कंपनीला फोन लावला. सतरा मिनिटं पेटीची धून ऐकली. शेवटी एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, "राउटर बंद करून पुन्हा चालू करा." त्यांनी परत येऊन भिंतीवरचं बटण दाबून मला बंद केलं, पुन्हा चालू केलं. डबा उघडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि मला तर तोंडच नव्हतं.

अशात ती सूचना निघाली. सरकारी कचेरीतली अर्जांची खिडकी बंद होणार, यापुढे सगळी कामं ऑनलाइन. कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत नोंदवावी.

"वा! याला म्हणतात प्रगती!" बातम्याकाका बाकावरून उठलेच. "रांगा संपल्या, खेटे संपले. घरबसल्या सगळं!"

मावशी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि उजव्या हाताची बोटं काकांसमोर धरली. "ही घ्या, आणि दाखवा तुमच्या त्या यंत्राला."

चाळीस वर्षं सुई, कापड आणि गरम इस्त्री. बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. दरवर्षी मावशींना हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. नाहीतर निवृत्तिवेतन थांबतं. यंत्रावर बोट ठेवलं की दरवेळी लाल दिवा लागतो, ओळख पटली नाही म्हणून. मग खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघतात, म्हणतात, "अहो, या त्याच आहेत, मी ओळखते," आणि सही-शिक्का करून देतात.

"खिडकी गेली तर मला ओळखणार कोण?" मावशींनी विचारलं.

काका खाली बसले. त्या दिवशी त्यांनी दुसरी बातमी वाचली नाही.

मावशी हरकतीचा कागद घेऊन खिडकीशी गेल्या. बाईंनी तो वाचला, डोळे पुसले आणि परत दिला. हरकत फक्त संकेतस्थळावरच नोंदवायची, असा नियम होता. बघा गंमत! ऑनलाइन जमत नाही, ही तक्रारही ऑनलाइनच करायची!

वस्तादांनी मनावर घेतलं. रोज फोन घेऊन माझ्याखाली उभे राहायचे. पान उघडायचं, अर्ध्यावर गोल गोल फिरायचं आणि मरायचं. आतून मी शरमेनं तापत होतो. शेवटच्या दिवशी दुपारी काकांनी कोपऱ्यावर जाऊन बातमी वाचून आणली. आजवर आलेल्या हरकती शून्य, नागरिकांचा प्रस्तावाला पूर्ण पाठिंबा. ते कोपऱ्यावरच अर्ज भरणार होते, पण फॉर्म उघडेपर्यंत तिथलंही नेटवर्क पळालं.

साडेचार वाजले. मावशी आत आल्या. चेहरा उतरलेला.

"वस्ताद, राहू दे रे. तू खूप खटपट केलीस. माझा तो डबा तेवढा मला दे. जुने शिक्क्याचे दाखले त्यात जपून ठेवते. निदान इतकी वर्षं तरी मी जिवंत होते, एवढं दाखवता येईल."

एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून झाला होता, ब्रश खाली ठेवून वस्ताद स्टुलावर चढले. त्यांनी झाकण काढलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर ठेवलं.

अहाहा! काय सांगू तुम्हाला! महिनाभर कोंडलेला माझा आवाज भिंतींना, आरशांना, दाराला जाऊन भिडला. बाकावरचे सगळे फोन एकदम टणटणले. महिन्याभराचे शुभेच्छासंदेश, लग्नपत्रिका, बादल्या, सगळं एकदम येऊन कोसळलं! आरशासमोर ठेवलेल्या वस्तादांच्या फोनवर ते सरकारी पान लख्खकन उघडलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मग डब्याकडे. मग एकमेकांकडे.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, "म्हणजे मीच याचा गळा दाबला?"

"दोघांनी दाबला," वस्ताद म्हणाले. "रडायचं नंतर. सव्वीस मिनिटं आहेत."

आणि सुरू झाली धावपळ! आधी पानाने सांगितलं, की आम्ही तुमच्या खाजगीपणाची कदर करतो, आणि मागोमाग नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं विचारलं. मग ॲप घ्या म्हणून आडवं आलं. ते बाजूला सारलं, तर अजून एक अक्षर भरलेलं नसताना विचारतं, "तुमचा अनुभव कसा वाटला?" त्यावर वस्तादांनी जे उत्तर दिलं ते मी इथे सांगणार नाही.

मग ओटीपी. तो येणार मावशींच्या फोनवर, आणि त्या फोनला नेटवर्क कोपऱ्यावर! अर्ध्या गालावर फेस असलेलं गिऱ्हाईक उठलं, मावशींचा फोन हिसकावून गळ्यातल्या कापडासकट कोपऱ्याकडे धावलं. काका दारात उभे राहिले. गिऱ्हाईक तिथून एकेक आकडा ओरडायचं, काका तो आत ओरडायचे, वस्ताद टिपायचे. पहिल्या वेळी मुदत संपली. दुसऱ्या वेळी बसला! मी माझा हिरवा दिवा पूर्ण ताकदीने लावून धरला होता. या वेळी मी बंद पडलो असतो तर स्वतःला कधी माफ केलं नसतं.

शेवटची अट राहिली. तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चौकोनांत एक चित्र, ज्या ज्या चौकोनात सायकल आहे तो निवडा. वस्ताद दोनदा चुकले. काकांनी चष्मा पुसून प्रयत्न केला, तेही चुकले. पाचला पंधरा मिनिटं होती.

"बघू इकडे," मावशी म्हणाल्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. जन्मभर कापडातला सुटलेला टाका शोधणारी ती नजर! "हा, हा, हा... आणि या कोपऱ्यात हँडलच्या मुठीचा एवढासा तुकडा आलाय बघ." त्यांनी चौथ्या चौकोनावर बोट टेकवलं, तेच झिजलेलं बोट.

हिरवी खूण आली.

"मावशी!" काका ओरडले. "माणूस म्हणून पास झालात!"

मजकुराच्या चौकटीत मावशी सांगत गेल्या आणि वस्ताद लिहीत गेले. "माझी बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. खिडकीतल्या बाई मला ओळखतात. खिडकी बंद केलीत तर मी जिवंत आहे हे कोण सांगेल?" बटण दाबलं. तो मजकूर माझ्यातून गेला बरं का! माझ्या पोटातून आजवर नको ते काय काय गेलं होतं, पण ते तीन ओळींचं पत्र मी छातीशी धरून नेलं.

पडद्यावर अक्षरं उमटली, हरकत क्रमांक एक.

मग बाकावरचे एकेक जण आपापल्या फोनवर अर्ज उघडून बसले, ओटीपीसाठी कोपऱ्यावर पळून आले. पाच वाजेपर्यंत सहा हरकती गेल्या. शेवटची बातम्याकाकांची होती, आणि एरवी दोन तास बोलणाऱ्या माणसाने एवढंच लिहिलं, "क्रमांक एकशी सहमत."

पुढे काय झालं? नागरिकांचा पूर्ण पाठिंबा आहे असं लिहिणं आता कुणाला शक्य नव्हतं. सुनावणी झाली, मावशी स्वतः जाऊन बोलल्या. ऑनलाइन काम सुरू झालं, आणि खिडकीही आठवड्यातून तीन दिवस उघडी राहिली. काका म्हणतात, हीच खरी प्रगती. गेल्याच आठवड्यात मावशी नवा शिक्क्याचा दाखला मला दाखवून गेल्या, वर धरून, नीट वाचता येईल असा.

आता मात्र मी थकलोय. तासातासाला धाप लागते. नवा राउटर सहा शिंगांचा आहे म्हणे. येऊ दे बिचारा! त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की इथे केस उडतात, पण माणसं चांगली आहेत. आणि तुम्हाला विनंती, की एखादं माणूस तुम्हाला ऐकू येईनासं झालं, तर सगळ्या जगाला दोष देण्याआधी त्याच्यावर झाकण कुणी लावलंय ते बघा.

हे बघा, नवा आला. वस्ताद माझी वायर काढायला स्टुलावर चढलेत. भंगारवाला दारात थांबलाय. आणि मावशी तोच डबा घेऊन आत येताहेत, बिनझाकणाचा.

"भंगारवाल्याला देऊ नकोस हा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दे."

"मावशी, तो आता चालत नाही हो."

"नाही चालत तर नाही," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केले. "मी ओळखते त्याला."