उशिरा मावळलेला दिवस

मुलांनो, जरा असं समजा, की तुम्ही शाळेच्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. पण आज शाळा नाही, दिवाळीची सुट्टी आहे. शेजारी दप्तरांच्या जागी आज्जी बसली आहे. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा आहे. गाडी बेळगावच्या वेशीवर अडकली आहे. पुढं ट्रक, मागं बस आणि बाजूला उसानं भरलेला ट्रॅक्टर. आज्जी पुन्हापुन्हा एकच गोष्ट विचारते आहे.

"गोमटेश, दिवस किती हाय रं?"

"हाय की आई, लई हाय. पाच मिनिटांत पोचतो बघ."

मागं बसलेली दिव्या खुदकन हसली. "आज्जी, पप्पांची पाच मिनिटं धरू नगंस. शाळेतली सगळी पोरं हसत्यात त्याला. गोमटेशकाकांची पाच मिनिटं म्हंजे आंघोळ करून यावं एवढी."

"तू गप गं," गोमटेश म्हणाला, पण तोही हसला.

गोमटेश निपाणीत शाळेची गाडी चालवायचा. कितीतरी वर्षं तेच रस्ते, तेच थांबे, लोकांची तीच पोरं. दारात वाट बघणाऱ्या आयांना फोनवर सांगायचं ते वाक्यही तेच, "आलोच, पाच मिनिटं." त्यात खोटं बोलल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं. गाडी चालवणाऱ्यानं एवढं बोलावंच लागतं.

पण एक गोष्ट त्याला खात होती. साऱ्या गावाच्या पोरांना इकडून तिकडं नेलं, आईला मात्र कुठं नेलं नाही. आता गल्लीतल्या बायकांबरोबर ती श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघाली होती. रात्रीची रेल्वे बेळगावातून होती. बायका दुपारच्या बसनं येणार होत्या. गोमटेश म्हणाला, "तू बसनं कशाला जातीस? मी सोडतो की. जाता जाता सगळं दावतो."

त्याची आई पद्मावती म्हणाली होती, "सगळं कशाला? किल्ल्यातली बस्ती तेवढी दाव. लई दिसाचं मनात हाय."

ते सोडून गोमटेशनं सगळं दाखवायला घेतलं. सकाळी स्तवनिधीच्या बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, दर्शन झालं. मग गोकाकचा धबधबा. पद्मावतीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. ती कठड्याला धरून नुसता आवाज ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "बास झालं बाबा, तुषार लागलं तोंडाला, पोचलं सगळं." पण गोमटेशला तिचे फोटो हवे होते. झुलता पूल मागं यावा म्हणून त्यानं तिला चार ठिकाणी उभं केलं. मग गावात जाऊन करदंट, ही तिथली नावाजलेली मिठाई, घ्यायची राहिली होती. दुकानापुढं गर्दी होती. तो रांगेतून हलला नाही.

आणि आता ही कोंडी.

पद्मावतीचा एक नेम होता. परकर-पोलक्यातली असताना धरलेला. दिवस मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. गावच्या बस्तीत पुष्कळांचा तो नेम होता. पण लग्नात, प्रवासात, आजारपणात लोक थोडं इकडंतिकडं करत. पद्मावतीनं कधी केलं नव्हतं. गोमटेशनं स्वतः तो केव्हाच सोडला होता. स्टँडवरच्या गाड्यावर रात्री मित्रांबरोबर खाऊन तो घरी यायचा, तेव्हा आई हात धुवायला पाणी द्यायची. तोंडाला येणाऱ्या वासाबद्दल ती एका शब्दानं बोलली नव्हती.

"आई, तू आपली गोळी घेऊन ठेव," तो म्हणाला. "पोचलो की लगेच जेव."

साखरेच्या दुखण्यावरची ती गोळी जेवणाआधी घ्यायची होती. मागं एकदा गोळी घेऊन जेवण राहिलं, तेव्हा ती घामानं भिजून उंबऱ्यातच कोसळली होती. पद्मावतीनं थोडा विचार केला.

"गाडीतच खाऊ का मग?"

"हितं? ह्या धुरात? किल्ल्यात झाडाखाली निवांत बसून जेव की. आलोच आता."

चपला घालून, गाडीत बसून जेवणं तिलाही नकोच होतं. तिनं गोळी घेतली.

पाच मिनिटं सरली, पुन्हा पाच सरली. किल्ल्याच्या दरवाजातून गाडी आत शिरली तेव्हा ऊन तटाच्या माथ्यावर चढलेलं होतं. बस्तीच्या दारात पहारेकरी किल्ल्या हातात घेऊन उभा होता.

"बेगा बर्री," तो म्हणाला. लवकर या.

"गोमटेश, मी आधी जेवून घेऊ का?"

"बंद करायला लागलाय गं तो. एवढ्या लांबनं आलो, दर्शन न्हाय घेतलं तर? आत जाऊन भाईर. मग जेव."

ती आत गेली. दिव्यानं तिचा हात धरला होता. गाभाऱ्यासमोर पद्मावतीनं हात जोडले, मग मान वर केली.

"वर कमळ हाय म्हणं छतात. मला धुकं दिसतंय नुसतं. तू सांग गं. आता तूच माझं डोळं."

दिव्यानं वर बघितलं. "लई मोठ्ठं हाय आज्जी. दगडाचं हाय, पण उलटं लोंबतंय. पाकळीच्या आत पाकळी, त्याच्या आत आणि पाकळी. प्रत्येक पाकळीत कोणतरी बसलंय."

"कोण?"

"बारकं बारकं देव. माझ्या बोटाएवढं दिसत्यात हितनं."

पद्मावतीच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू तिनं ते पाहिलंच. गोमटेशनं मोबाईल काढला. कमळ अंधारात नीट येईना. त्यानं एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. आईला कमळाखाली उभं करून आणखी एक घेतला. पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या.

तिघं बाहेर आली तेव्हा तटावर ऊन नव्हतं.

आभाळ मात्र उजळ होतं, केशरी. उजेड होता, सूर्य नव्हता. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. झाडाखालच्या कट्ट्यावर पद्मावती बसली, तेव्हा तिचा हात थरथरत होता. कपाळावर घाम होता. तिनं डब्याची गाठ सोडली नाही.

"दिवस हाय का रं?"

"हाय की," गोमटेश म्हणाला.

ती थांबली. आपल्या पोराची पाच मिनिटं तिला ठाऊक होती.

"दिव्या, तू बघ गं. हाय?"

दिव्यानं तोंड उघडलं आणि बापाकडं बघितलं. आईच्या डोक्यावरून गोमटेश तिच्याकडं बघत होता. त्यानं आईच्या थरथरत्या हाताकडं बोट केलं. मग हळूच मान हलवली, होकाराची.

दिव्या क्षणभर पश्चिमेकडं बघत राहिली.

"हाय आज्जी," ती म्हणाली. "तटाच्या मागं ते झाड हाय न्हवं, त्याच्या शेंड्यावर हाय. लाल झालाय. पण हाय."

पद्मावतीनं गाठ सोडली. नमोकार मंत्र म्हटला. मऊ भाकरी दह्यात कुस्करून ती सावकाश जेवली. शेवटी ओंजळीनं पाणी प्यायली आणि उरलेल्या पाण्यानं कट्ट्यावर सांडलेलं दही पुसून घेतलं. हळूहळू तिच्या हाताची थरथर थांबली.

गोमटेश पाठ फिरवून उभा होता. आई जेवली म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण धबधब्याजवळचे फोटो, करदंटाची रांग, छतातलं कमळ, सगळं एकापाठोपाठ त्याच्यासमोर येत होतं. यातलं एक जरी सोडलं असतं तरी पोरीला ते झाड शोधावं लागलं नसतं. आपण एकच शब्द खोटं बोललो. पोरीनं त्याला शेंडा लावला, लाल रंग लावला. कारण तिच्या सांगण्यावर आज्जीचा विश्वास होता, आणि तो कसा राखायचा हे तिला नुकतंच कळलं होतं.

स्टेशनावर गल्लीतल्या बायका फलाटावर पिशव्यांना टेकून बसल्या होत्या. जयाबाई त्यांची पुढारी.

"आलासा का काकू? आम्हाला वाटलं, गोमटेशनं पळवून न्हेलं तुम्हाला. जेवलासा न्हवं?"

"व्हय बाई. दिवस असताना जेवले. किल्ल्यातच बसून."

"नशीबवान हायसा. आमी हितं पाच वाजताच उरकलं, भूक नसताना."

गोमटेशनं पिशवी उचलली. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण सांगितलं तर ती काय करील हे तो ओळखून होता. उद्याचा अख्खा दिवस ती उपास धरील, परमुलखात, साखर असताना. नाही सांगितलं तर ती डोंगर चढून देवापुढं उभी राहील, न मोडलेला नेम घेऊन. तो पिशवी धरून नुसता उभा राहिला आणि गाडी आली.

डब्यात चढवताना तो वाकून आईच्या पाया पडला. एरवी तो सणालाच पडायचा.

"असू दे, असू दे," ती म्हणाली. "लई फिरवलंस बाबा आज. एका दिसात किती दावलंस." मग तिनं खिडकीतून हात काढून दिव्याचा गाल चाचपला. "आज दिवस लई उशिरानं मावळला न्हाय गं?"

गाडी हलली.

परतीच्या वाटेवर बेळगाव मागं पडलं. दिव्या पुढच्या सीटवर बसली होती. दुपारनंतर पोरीच्या पोटात काही नाही, हे गोमटेशला आता आठवलं. त्यानं रस्त्याकडेला गाडी उभी केली, करदंटाचा डबा उघडला आणि तिच्यापुढं धरला. तूप, डिंक आणि गुळाचा वास गाडीत पसरला.

"खा गं. घरी पोचायला..." आणि तिथंच तो थांबला.

दिव्यानं करदंटाकडं बघितलं. मग समोरच्या काचेतून वर बघितलं.

"पप्पा, दिवस मावळलाय न्हवं?"

समोरून एक ट्रक गेला. त्याच्या उजेडात पोरीचा चेहरा दिसला आणि पुन्हा अंधारला.

"व्हय," गोमटेश म्हणाला. "मावळलाय."

दिव्यानं डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबलं. मग गुडघ्यांवर उभी राहून तिनं तो मागच्या सीटवर ठेवला, आज्जी बसली होती तिथं, आणि वळून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.